पाचोळ्याची पोती

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या आहेत, २० लिटरच्या. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवावरची उतरलेली फुलं, सगळं त्यांत जिरतं. बघायला येणारे आधी विचारतात, "कुजवायला कल्चर कुठलं घालता?" मी त्यांना कोपऱ्यातलं पोतं दाखवते. त्यात वाळकी पानं असतात.

खत होतं ते या पानांमुळे. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र भरपूर, पानांत कर्ब. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. नत्र वरचढ झालं की अमोनियाचा उग्र दर्प येतो. पाणी साचून हवा कोंडली की कुजका वास. दोन्हींवर उपाय तोच, पाचोळा घालून खालीवर करायचं. म्हणून मी ओंजळभर कचऱ्यावर दोन ओंजळी चुरडलेली पानं टाकते. वरचा थर नेहमी पानांचाच, म्हणजे चिलटं बसत नाहीत. बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडलेली, तळात नारळाच्या शेंड्या, खाली विटा. तीन-चार दिवसांनी एकदा हलवते. मूठ दाबली की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पानं कमी पडलीत. पावसाळ्यात हे फार बघावं लागतं. क्वचित जाड, करड्या अळ्या दिसतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या. काही करत नाहीत, उलट कचरा भराभर फस्त करतात.

ही विद्या आपल्या शेजारचीच. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, राख यांचे थर रचून, ढीग पुन्हा पुन्हा उलटून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. माझ्या बादलीत शेण नसतं, पण थर आणि हवा तीच.

फाल्गुन-चैत्रात पानगळ होते तेव्हा रस्ते झाडणाऱ्या मावशी पानांचे ढीग करतात आणि कुणीतरी ते पेटवून देतं. मला ते बघवत नाही. धूर नाकातोंडात जातो आणि वर्षभराचं खत राख होऊन जातं. आता मी सकाळीच पोती घेऊन खाली जाते. "मावशी, पेटवू देऊ नका, मला द्या," म्हटलं की त्या स्वतः भरू लागतात. आणि आपला ओला कचरा जातो कुठे, हेही पुणेकरांनी विसरू नये. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचरा डेपोची दुर्गंधी आणि नासलेलं विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं सोसलं. माझ्या सालींसाठी त्यांनी का सोसायचं?

बादली भरली की झाकून ठेवते, दुसरी सुरू करते. दोन-तीन महिन्यांत पहिलीतलं खत काळसर, भुसभुशीत होतं. चाळून घेते. चाळणीवर राहिलेल्या काड्या-कुड्या आणि आंब्याच्या कोयी नव्या बादलीत जातात, विरजणासारख्या. कल्चर विकत आणावं लागत नाही ते त्यामुळे. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत घालते. यंदा सोसायटीतल्या काही घरांनीही पानं मागितली आहेत, तेव्हा पोती जास्त लागतील. वाण्याला सांगून ठेवलंय.