दोन क्रेडिटचा हिशेब

ओपन इलेक्टिव्ह निवडायचा आज शेवटचा दिवस. २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हा विज्ञानवाल्यांना दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घ्यावा लागतो. हेतू उदात्तच, पण कॅन्टीनमध्ये चर्चा एकच, असाइनमेंट किती? सीनियर मंडळींचा सल्ला ठाम: टूरिझम घे, पीपीटीवर भागतं. इतिहासाच्या वाटेला जाऊ नकोस, मॅडम वाचायला लावतात.

नियमाने थिअरीचे दोन क्रेडिट म्हणजे सत्रभरात ३० तास, विषय कुठलाही असो. घरी वाचायची पानं त्यात कुणी धरत नाही. आम्हाला आळशी म्हणणाऱ्यांनी आमचं वेळापत्रक बघावं: दुपारभर रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल, वर जर्नल, मग लोकलची धावपळ. (त्यातून माझी कर्जत, चुकली की संपलंच.) अशा वेळी सोपा विषय शोधणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

तरी टूरिझमपाशी बोट अडलं. सत्रभर कंटाळत बसणं हीसुद्धा मेहनतच की, आणि तिला क्रेडिट नाही. शेवटी मॅडमना गाठून विचारलं, नेमकं किती वाचावं लागेल?

‘आठवड्याला वीसेक पानं.’

गाडीत बसायला जागा मिळाली तर होतील. इतिहासावर खूण केली.