घर कोणाच्या दिवसावरून ठरवायचे?

हायडेलबर्ग परिसरात नोकरी मिळालेले मराठी कुटुंब घर शोधायला बसते, तेव्हा नकाशावर पहिली खूण होते ती ऑफिसवर. हे ऑफिस पुष्कळदा शहरात नसतेच. सॅपचे मुख्यालय दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर वाल्डॉर्फला आहे, बीएएसएफ ऱ्हाइनपलीकडे लुडविग्सहाफेनमध्ये. विद्यापीठाचे रुग्णालय आणि जर्मन कर्करोग संशोधन केंद्र शहरात आहेत, पण तीही जुन्या गावापासून दूर, नेकारच्या उत्तर काठावरच्या नॉयनहाइमर फेल्डमध्ये. मग त्या खुणेभोवती एक वर्तुळ काढले जाते, वर्तुळातली परवडणारी घरे चाळली जातात आणि त्यातल्या त्यात मोठे घर पक्के होते. नगररचना आणि वाहतूक हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि हा हिशेब चुकीच्या माणसापासून सुरू होतो असे माझे ठाम मत आहे. ज्याला नोकरी मिळाली त्याचा दिवस बराचसा ठरलेला असतो. ज्याचा दिवस अजून ठरायचा आहे, म्हणजे स्वतःची नोकरी सोडून बरोबर आलेला नवरा किंवा बायको, त्याच्या हालचालींवरून घराची जागा ठरवायला हवी.

घर कामाजवळ असावे हा नियम आपल्या अंगात मुरला आहे आणि एके काळी त्याला सबळ कारण होते. गिरणगावात कोकणातून किंवा घाटावरून आलेला चाकरमानी बहुधा एकटा येई. बायकामुले गावी, शेतीवर. परळ-लालबागच्या चाळीतली खोली त्याला दोन पाळ्यांच्या मध्ये पाठ टेकायला लागे. जेवण खानावळीत, गावाकडची खबरबात गावकऱ्यांच्या खोलीवर. गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते. शहरांच्या अर्थशास्त्रानेही पुढे जवळपास असाच माणूस गृहीत धरला. विल्यम अलॉन्सो यांनी १९६४ साली ‘लोकेशन अँड लँड यूज’ या पुस्तकात मांडलेले प्रारूप आजही शिकवले जाते. कामाची जागा मध्यभागी; तिच्यापासून दूर जावे तसे भाडे उतरते आणि प्रवास वाढतो; माणूस या दोहोंचा मेळ घालून आपली जागा निवडतो. केंद्रापासून दूर भाडे का उतरते हे या प्रारूपातून चांगले कळते. पण त्यात प्रत्येक घरातून एकच माणूस रोज एकाच ठिकाणी जातो. घरातली बाकीची माणसे किती चौरस मीटर लागतील एवढ्यापुरतीच त्यात येतात, त्यांना कुठे जायचे असते हे कुणी विचारत नाही.

स्वीडिश भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरश्ट्रांड यांनी १९७० मध्ये नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की माणूस कुठे पोचू शकतो हे केवळ अंतरावर ठरत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाबरोबर, ठरलेल्या जागी हजर असण्याच्या बंधनांवर ठरते. ही बंधने हायडेलबर्गमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबाच्या सकाळीवर ठेवून पाहा. आठ वाजता धाकट्याला किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत सोडायचे. नऊला जर्मनचा वर्ग. दुपारी बाराएकच्या सुमारास वर्ग सुटतो आणि त्याच सुमारास थोरलीची प्राथमिक शाळाही सुटते, कारण इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा जेवणाच्या वेळेपर्यंतच असतात आणि त्यापुढची देखरेख वेगळी मिळवावी लागते. मग डॉक्टर, दूध-भाजी, औषधाचे दुकान. रविवारी दुकाने बंद, म्हणून शनिवारी पिशव्या जड. यातला एकही प्रवास लांबचा नाही, पण सगळे एकमेकांत अडकलेले आहेत. प्रत्येक टप्पा दहा मिनिटांच्या चालण्याचा किंवा ट्रामचा असेल तर दिवस बसतो. अर्ध्या तासाने येणाऱ्या बसवर एक जरी टप्पा अवलंबून असेल, तर ती बस चुकली की पुढचे सगळे कोसळते. काही आठवड्यांनी कशाला तरी कात्री लावावी लागते, आणि पहिली कात्री लागते ती जर्मनच्या वर्गाला. ऑफिसला जाणाऱ्याची गाडी चुकली तर तो वीस मिनिटे उशिरा पोचतो, इतकेच.

या वर्गाचे मोल किती हे कायदाच सांगतो. ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आल्याबरोबर काम करण्याची पूर्ण मुभा असते. ही सवलत मोठी आहे. पण तिचा व्यवहारातला अर्थ असा की बरेच जण भाषेचा एकही शब्द न येता इथे उतरतात आणि काम करण्याचा हक्क असूनही त्यांना काम मिळत नाही. सरकारी एकात्मता अभ्यासक्रम साधारणपणे ७०० तासिकांचा आहे, ६०० भाषेच्या आणि १०० देशाच्या ओळखीच्या. आठवड्याला वीस-पंचवीस तासिका धरल्या तर पाऊणएक वर्ष सलग जाते, आणि तरी मजल मध्यम पातळीपर्यंतच. पुण्यात दहा वर्षे नोकरी केलेल्या बाईला इथे पुन्हा कामावर उभे राहायचे असेल, तर हे पाऊण वर्ष अखंड मिळणे ही पहिली अट आहे. मुलांच्या शाळेचेही तसेच. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, आणि जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी असलेला पूर्वतयारीचा वर्ग प्रत्येक शाळेत नसतो. म्हणजे भाडेकरार करताना आपण नकळत शाळाही निवडत असतो.

आता हे सगळे हायडेलबर्गच्या जमिनीवर मांडू. शहर क्योनिगश्टूल आणि हायलिगनबेर्ग या दोन डोंगरांमधल्या खिंडीतून बाहेर पडून पश्चिमेच्या सपाटीवर पसरले आहे. पर्यटकांचे आवडते आल्टश्टाट, म्हणजे जुने गाव, खिंडीत आहे; राहायला अरुंद आणि महाग. सपाटीवरचे हांडशुसहाइम, किर्खहाइम, रोरबाख हे भाग मुळात स्वतंत्र खेडी होती. हांडशुसहाइम १९०३ साली शहरात आले, किर्खहाइम १९२० साली, रोरबाख १९२७ साली. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचा जुना गाभा आहे, आणि पाव, औषध, दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर मिळतात. हांडशुसहाइमहून बिस्मार्कप्लाट्सवरून रोरबाखमार्गे लायमनपर्यंत २३ क्रमांकाची ट्राम धावते, आणि हा एक मार्ग म्हणजे नवख्या कुटुंबाचा कणा आहे असे मी मानतो. प्रौढांना भाषा शिकवणारी शहरातली संस्था, फोल्क्सहोखशूल, बेर्गहाइमर श्ट्रासवर बिस्मार्कप्लाट्सपासून जवळ आहे. रोरबाख मला वाल्डॉर्फच्या नोकरदारांसाठी विशेष सोयीचे वाटते. एकीकडे ट्राम, आणि दुसरीकडे किर्खहाइम-रोरबाख हे एस-बानचे स्थानक, जिथून वीसलॉख-वाल्डॉर्फ दोनच थांब्यांवर आहे. तिथून पुढे ऑफिसपर्यंत बस किंवा सायकल.

बानश्टाट हा दुसरा चांगला पर्याय. जुन्या मालधक्क्याच्या ११६ हेक्टरवर उभ्या राहिलेल्या या वस्तीत २०१२ पासून लोक राहू लागले. सगळ्या इमारती पॅसिव्ह हाउसच्या निकषावर, म्हणजे घर उबदार ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे फार तर १५ युनिट ऊर्जा लागावी अशा बांधलेल्या. गाडामरप्लाट्सवर शाळा, किटा आणि नागरिक केंद्र एकाच इमारतीत आहेत. भाडे चढे आहे आणि जुन्या गावाचा ओलावा नाही. पण मुख्य स्थानक लागूनच, शिवाय लहान मुलांची कुटुंबे भरपूर. याच्या उलट दक्षिणेच्या डोंगरउतारावरचे एमर्ट्सग्रुंड. सत्तरच्या दशकातल्या उंच इमारती, हवेशीर खोल्या, खाली पसरलेल्या सपाटीचे सुंदर दृश्य आणि तुलनेने कमी भाडे. नोकरदाराच्या नजरेने पाहिले तर उत्तम. बाबागाडी घेऊन दिवसातून दोनदा बसने खाली उतरणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर मी ते घर पहिल्या वर्षासाठी सुचवणार नाही.

या मतावर सर्वांत वजनदार आक्षेप संशोधनातूनच येतो. अलॉइस श्टुट्सर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्याच दीर्घकालीन कुटुंब-पाहणीच्या आधारे २००८ मध्ये दाखवले की कामाचा प्रवास जितका लांब तितके माणसाचे आयुष्याबद्दलचे समाधान कमी, आणि जास्त पगार किंवा चांगले घर ही तूट भरून काढत नाही. जोडीदाराच्या समाधानाने ती भरून निघते का हेही त्यांनी तपासले. तसे आढळले नाही. मग कमावत्या माणसाला मुद्दाम लांब का पाठवायचे? हा निष्कर्ष मला मान्य आहे. पण त्या पाहणीतले बहुतेक जोडीदार त्या समाजात आधीच रुळलेले होते. त्यांना भाषा, डॉक्टर, मैत्रिणी नव्याने मिळवायच्या नव्हत्या. शिवाय लांबचा प्रवास सहसा गावाबाहेरच्या मोठ्या घराच्या मोबदल्यात पत्करलेला असतो, म्हणजे घरातले सगळेच मध्यवस्तीपासून दूर जातात. मी सुचवतो ते उलट आहे: घर वस्तीत, काम बाहेर. प्रवासाचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ब्रिटनमधल्या आकडेवारीवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रवासाचा मानसिक ताण स्त्रियांवर ठळकपणे दिसला आणि पुरुषांवर दिसला नाही. संशोधकांनी त्याचे कारण घरकाम आणि मुलांच्या जबाबदारीत शोधले. प्रवासाचा भार वाटायचाच असेल, तर ज्याच्या प्रवासात मूल सोडणे-आणणे नाही त्याने जास्त घ्यावा. नोकरी बायकोची आणि बरोबर आलेला नवरा असेल, तर हाच नियम तिला लागू.

दुसरा आक्षेप भाड्याचा. हायडेलबर्ग महाग आहे यात वाद नाही. समजा सत्तर चौरस मीटरच्या घराला शहरात चौरस मीटरमागे चार युरो जास्त पडले. महिन्याचा फरक २८० युरो. हा आकडा करारावर छापलेला असतो म्हणून डोळ्यांत भरतो. बाहेरगावी राहिल्यामुळे घ्यावी लागलेली दुसरी गाडी मात्र भाड्याच्या रकान्यात येत नाही. शहरात २०२६ पासून महिन्याला ६३ युरोला मिळणाऱ्या डॉइचलांड-तिकिटावर भागते. त्याहून मोठी गोष्ट अशी की जोडीदार तीन महिने आधी कामाला लागला आणि हातात महिन्याला दोन हजार युरो आले, तर त्या सहा हजारांत भाड्याचा फरक एकवीस महिने निघतो. शेजारी आपली माणसे असावीत म्हणून वाल्डॉर्फ-वीसलॉखलाच राहावे, असेही सांगतात. अडचणीला तासभर मूल सांभाळणारे घर जवळ असणे ही खरी गरज आहे, आणि तिला मी कमी लेखत नाही. पण ते घर मराठीच असेल असे नाही. ते किटाच्या दारात भेटते. गणपती आणि दिवाळीला एस-बानने जाता येते.

‘निवड करायला घरे मिळतात कुठे?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. घर मिळेल ते घ्यावे लागते, भाग मात्र आपण ठरवू शकतो. पहिले काही महिने सजवलेले तात्पुरते घर घ्यावे, मात्र तिथे पत्त्याची नोंदणी करू देतील ना हे आधी विचारून, कारण राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करावीच लागते. नोकरीचा परीक्षाकाळही बहुधा सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे या थांबण्यात तोटा नाही. दोघेही सॅपमध्ये असतील किंवा जोडीदाराचे काम घरूनच चालत असेल, तर माझा हिशेबच मला वीसलॉखला पाठवतो. तेही स्वतःचा बाजार आणि शाळा असलेले नीटस गाव आहे. कायमचा करार करताना एक कलम नीट वाचावे. भाडेकरूला एरवी तीन महिन्यांची सूचना देऊन घर सोडता येते, पण काही घरमालक हा हक्क ठरावीक काळ न वापरण्याची अट घालतात, आणि ती चार वर्षांपर्यंत न्यायालयात टिकू शकते. जोडीदार अजून पुण्यात किंवा नाशकात आहे, त्याने तो रस्ता एकदाही पाहिलेला नाही, अशा वेळी त्या कलमाखाली सही करू नये. आधी दोघांनी मिळून, कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता, त्या घराच्या दारापासून शाळा, वर्ग आणि दुकान असे जाऊन यावे.