आजीचे डोळे आणि आठवीचा वर्ग

बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांसोबत काम करताना प्रत्येक केसची एक फाइल माझ्याकडे असते. पण तेच कुटुंब शाळेच्या हजेरीपटात असतं, अंगणवाडीच्या रजिस्टरात असतं, आशाताईंच्या वहीत असतं आणि मुकादमाच्या उचलीच्या हिशेबातही असतं. या वह्या एकत्र उघडल्या जात नाहीत, म्हणून मी बैठकीचा आग्रह धरते.

अशा एका बैठकीबद्दल सांगते. नाव-गाव सांगणार नाही; बाल न्याय कायद्यातही मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. वडील वारलेले. आई भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीदाराशिवाय एकटीच, तोडीला जायची. मुलगी सातवीत, धाकटा तिसरीत, घरी म्हातारी सासू. पोळ्यापासून मुलगी शाळेत येईनाशी झाली होती आणि तिच्या लग्नाची कुजबुज सुरू होती. दिवाळीनंतर टोळी निघणार, त्याआधी काहीतरी ठरायला हवं होतं.

आईचा रोज बुडू नये म्हणून संध्याकाळी अंगणवाडीतच बसलो. मुख्याध्यापक, सेविकाताई, आशाताई, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कार्यकर्ते आणि ग्रामसेवक. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. दारात दोघं-तिघं बघे उभे राहिले होते. सेविकाताईंनी त्यांना घरी पाठवून दार लावलं, तेव्हा कुठे आईने पदर जरा सैल सोडला.

बोलणं लगेच बालगृहावर आलं. तिथे मुलगी सुरक्षित राहील, शाळाही होईल, हे खरंच होतं. पण कायद्याच्या नजरेतही संस्था हा शेवटचा उपाय आहे. आई खाली बघत होती. आशाताईंनी तिला विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"पोरगी गेली तर म्हातारीला कोन बघंल? तिला दिसंना. चूल पेटवाया जाती अन् हात भाजून घेती. म्हनून तर पोरीला घरी ठिवलीय."

हे आमच्यापैकी कुणाच्याच कागदावर नव्हतं. आशाताईंना मोतीबिंदू माहीत होता, सरांना गैरहजेरी माहीत होती. दोन्ही एकाच घरातल्या गोष्टी आहेत, हे त्या खोलीत पहिल्यांदा उमगलं. लग्नाचंही तेच: एकट्या म्हातारीच्या भरवशावर वयात आलेली पोर सहा महिने ठेवायची कशी, ही आईची भीती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कायदा समजावला, पण आवाज न चढवता. मला ते फार मोलाचं वाटलं.

मग ठरलं. जिल्हा रुग्णालयात आजीची शस्त्रक्रिया: आशाताई. जेवणासाठी दोघा मुलांची नावं हंगामी वसतिगृहात: सर. रात्री सोबतीला चुलती: तिच्याशी आई बोलणार. बाल संगोपन योजनेची, मुलामागे महिना २,२५० रुपयांची, फाइल बालकल्याण समितीपुढे: मी. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख. 'सर्वांनी लक्ष द्यावे' असं इतिवृत्तात लिहिलं की कुणीच लक्ष देत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आजीचं ऑपरेशन टोळी निघायच्या आधी झालं. फाइल मात्र अडली. वडिलांच्या मृत्यूची नोंदच नव्हती, आणि वर्ष उलटून गेलं की त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ज्या घराला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याच घराकडे कागद सर्वांत कमी. याचा मला आजही संताप येतो. भाऊसाहेब स्वतः तहसीलला खेटे घालत राहिले.

पुढच्या बैठकीला आई सांगलीकडच्या फडातून फोनवर होती आणि मुलगी आमच्यात बसली. तिला लग्नाबद्दल किंवा पैशांबद्दल काही बोलायचं नव्हतं. गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला तालुक्याच्या शाळेत एसटीने जायचं तर संध्याकाळची गाडी अंधार पडायच्या आत पोचेल का, एवढंच तिने विचारलं. मुलींचा मोफत पास काढून द्यायचं काम सरांनी घेतलं. गाडीच्या वेळेसाठी आगारात जायचं काम माझ्या नावावर लिहिलं गेलं.