पेडल आणि शून्य प्रत्यय

पियानोच्या उजव्या पेडलविषयी एक समज सर्वत्र आढळतो. पेडल दाबले की स्वर लांबतो, म्हणजे ते स्वरात काहीतरी भर घालत असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते काहीच घालत नाही. थांबवणाऱ्याला तेवढे थांबवते. तारांच्या पियानोत स्वरांच्या तारांवर नमद्याच्या छोट्या गाद्या टेकलेल्या असतात (अगदी वरच्या सप्तकातील स्वर अपवाद, ते मुळातच अल्पायुषी). पट्टी सोडली की गादी तारेवर बसते आणि स्वर मिटतो. उजवे पेडल या साऱ्या गाद्या एकदम उचलून धरते. मग वाजवलेली तार गुंजत राहतेच, शिवाय न वाजवलेल्या तारांनाही सतारीच्या तरफांप्रमाणे कंप सुटतो. आपण जिला स्वराची आस म्हणतो ती इथे पायाच्या स्वाधीन असते.

बेथोव्हनच्या 1801 सालच्या, पुढे ‘मूनलाइट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या सोनाटाचा पहिला भाग गाद्या उचललेल्या ठेवूनच वाजवावा अशी सूचना आहे. आजच्या पियानोवर ती शब्दशः पाळली तर स्वरांचा चिखल होतो, कारण त्या काळच्या पियानोत स्वर लवकर विरत असे. जुन्या संहितेतील सूचना नव्या साधनावर जशीच्या तशी का चालत नाही, हे वर्गात सांगायला याहून सोपे उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

डिजिटल पियानोत ना तारा, ना गाद्या. साध्या पेडलमध्ये असतो एक खटका, एक वायर आणि टोकाला 6.35 मिलिमीटरचा प्लग. 1983 साली प्रचारात आलेल्या मिडी संकेतात या पेडलला 64 हा क्रमांक आहे, आणि त्याचे मूल्य 63 पर्यंत असेल तर पाय वर, 64 पासून पुढे पाय खाली असे मानले जाते. महागडी पेडले मधल्या पायऱ्याही सांगू शकतात. आमच्या घरातल्या पेडलला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच भाषा येते.

या दोन शब्दांच्या भाषेने मात्र घरात बराच मनस्ताप दिला. आमची कन्या गेली तीन वर्षे पियानो शिकते. पावसाळ्यानंतर तिच्या वादनात स्वर एकमेकांत कालवू लागले. पाय उचलला तरी मागचा स्वर पुढच्यावर सांडलेलाच. टीचरनी वहीत तांबड्या शाईने ‘पाय अस्वच्छ’ असा शेरा मारला, मग दुसऱ्या आठवड्यात तोच, तिसऱ्यातही. टीचर स्वतः बसून दोन सुरावटी वाजवून दाखवीत, तेव्हा सारे निर्मळ. मुलीने वाद घातला नाही. ती पेडलशिवाय वाजवू लागली, नंतर मोजकेच वाजवू लागली, आणि एका रविवारी तिने पियानोवर कापड घातले ते काढलेच नाही.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. विजेशी आमचा संबंध बिल भरण्यापुरता. परंतु भ्रष्ट पाठ समोर आला की तो कुठे बिघडला, मूळ कर्त्याकडे, लेखनिकाच्या हातून की वाचकाच्या डोळ्यांत, हे आधी वेगळे करायचे एवढी सवय आम्हांला आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती ज्ञानदेवांना किंवा श्रोत्यांना दोष देऊन नव्हे.

प्लग काढून पियानो नव्याने सुरू केला. स्वर पट्टीबरोबर मिटू लागले. अर्थात पियानो निर्दोष. मग प्लग लावला आणि पाय लांब ठेवून पुन्हा सुरू केला. ही खबरदारी वाचकांनीही घ्यावी, कारण अनेक वाद्ये सुरू होताना पेडल ज्या स्थितीत असेल तीच विश्रांतीची स्थिती समजतात. त्या क्षणी पाय दाबलेला असला तर पुढे सगळा कारभार उलटा चालतो. आमचे पेडल पाच मिनिटे शहाण्यासारखे वागले आणि पुन्हा बिथरले. उरले पेडल आणि वायर.

उसन्या आणलेल्या मल्टिमीटरच्या एका काडीने प्लगचे टोक आणि दुसरीने त्याची दांडी धरली. पाय वर असताना मीटर वाजला, पाय खाली जाताच गप्प झाला. म्हणजे आमच्या पेडलचा खटका विश्रांतीत जोडलेला आणि दाबला की तुटणारा. (सर्व कंपन्यांची पेडले अशी नसतात, काहींची रीत नेमकी उलट असते.) मग पेडलला हात न लावता प्लगच्या मानेपाशी वायर किंचित ताणली. मीटर गप्प.

इथे आम्ही एकमेकांकडे पाहिले. अशा पेडलच्या बाबतीत तुटलेली तार आणि दाबलेला पाय यांत पियानोला काहीच फरक कळत नाही. मराठीच्या प्रथमेला प्रत्यय नसतो, पण ते नसणेच आपण अर्थपूर्ण मानतो आणि त्याला शून्य प्रत्यय म्हणतो. पियानोही तेच करीत होता. संदेश नाही, याचा अर्थ तो ‘पाय खाली आहे’ असा लावत होता. गुळगुळीत फरशीवर पेडल पुढे सरके, वायर ताणली जाई, आत तार सुटे. मुलगी जीव ओतून वाजवी तेव्हाच हे घडे; दोन सुरावटींच्या प्रात्यक्षिकात घडण्याइतके पेडल सरकतच नसे.

दुरुस्ती किरकोळ होती. साच्यात ओतलेला प्लग उघडत नाही, म्हणून तो दोन इंच वायरसकट कापला. नवा मोनो प्लग आणला, आतली तार टोकाला आणि बाहेरची जाळी दांडीला सोल्डर केली. त्याआधी प्लगचे झाकण वायरीत ओवून घ्यावे; नंतर ते ओवता येत नाही. पेडलखाली रबराची चटई घातली. सारा खर्च एका कवितासंग्रहाच्या किमतीहून कमी.

पुढच्या शिकवणीला कापलेला तुकडा आम्ही टीचरना दाखवला आणि मीटर लावून वाजवूनही दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बोटांत फिरवला. मग मुलीला म्हणाल्या, “बस, तोच भाग पुन्हा वाजव.” तिने वाजवला. स्वर स्वच्छ मिटत होते. टीचरनी वही ओढली, जुन्या तिन्ही शेऱ्यांवर काट मारली आणि खाली लिहिले: ‘चौथ्या ओळीत पाय अर्धी मात्रा उशिरा उठतो.’ तो खरोखरच उठत होता. घरी आल्यावर मुलीने चौथी ओळ सतरा वेळा वाजवली. शेजारच्या आजोबांनी मोजली होती.