पाण्याचा मुक्काम

1 जूनला यंत्रावर चालणाऱ्या बोटींची मासेमारी थांबते आणि 31 जुलैपर्यंतचे 61 दिवस समुद्र माशांच्या विणीसाठी सोडलेला असतो. वर्सोव्याच्या खाडीकाठी, पलीकडे मढला, वर मनोरी-गोराईला बोटी ओढून घेतल्या जातात, टेकू लावून उभ्या केल्या जातात आणि शाकारल्या जातात. कुणाकडे मेण पाजलेली जाड सुती ताडपत्री असते, बहुतेकांकडे निळं प्लॅस्टिक. आभाळ भरून येतं, पहिली मोठी सर त्या पसरलेल्या कापडावर ताशा वाजवून जाते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी आत वाकून पाहतं तर फळ्यांवर पाणी. मग भोक शोधायला सुरुवात होते. भोक सापडतं, त्यावर ठिगळ बसतं, आणि आठवड्याभरात ठिगळाशेजारीच पुन्हा ठिबकायला लागतं. माझं म्हणणं असं आहे की हा शोधच चुकीच्या टोकापासून सुरू होतो. ताडपत्रीत भोक कुठे आहे, याआधी पाणी तिच्यावर कुठे मुक्काम करतं ते पाहायला हवं. वाहतं पाणी बहुतेक भोकं ओलांडून जातं. थांबलेलं पाणी मात्र नसलेलं भोकही पाडतं.

यामागचा हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आच्छादनावर दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि उपनगरांत जुलैत असे दिवस येतातच, तर तीन हजार लिटर पाणी त्यावरून उतरायला हवं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या मापाने याच कापडावर 28 हजार लिटरांहून अधिक पाणी आलं असतं. एवढं पाणी अडवून धरणारं कापड नाही. कापडाचं काम पाण्याला वाट दाखवण्याचं. आता त्या वाटेत एक झोळ पडला असं धरू: दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, सरासरी दहा सेंटिमीटर खोल. त्यात शंभर लिटर पाणी साठतं, म्हणजे शंभर किलोचं ओझं रात्रभर काही टाक्यांवर लटकतं. कापड ताणलं जातं, झोळ वाढतो, पुढच्या सरीचं जास्त पाणी त्यात येतं. शिवणीतली सुईची छिद्रं लांबट होतात, कडेची आयलेटं उपटून येतात. सकाळी माणूस जे भोक पाहतो ते या सगळ्याच्या शेवटी पडलेलं असतं.

सुती कॅनव्हासचा स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो, आणि तो मला फार देखणा वाटतो. कापूस भिजला की त्याचा तंतू फुगतो. उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट भिडतात आणि विणीतल्या फटी आपोआप मिटतात. म्हणजे पहिल्या सरीत किंचित पाझरणारं कापड दुसऱ्या सरीला आवळून बसतं. पण या आवळलेपणाला एक अट आहे: आधार देणारं आढं आणि कमानी सोडल्या तर आतून कशाचाही स्पर्श नको. डोलकाठीचं टोक, जाळ्यांचा ढीग, बांबूची गाठ, यांपैकी काहीही कापडाला टेकलं की विणीत तोललेलं पाणी त्या बिंदूतून आत उतरतं आणि टेकलेल्या वस्तूवरून ओघळू लागतं. तिथे भोक नसतंच. मेण लावलं, ठिगळ दिलं, तरी उपयोग नाही; टेकलेली वस्तू बाजूला सारली की गळती थांबते. कापूस भिजून आवळतो आणि सुकला की सैल पडतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. नायलॉनची दोरी उलट भिजल्यावर थोडी लांबते. म्हणून मेअखेरीस ताठ बांधलेलं आच्छादन जूनच्या मध्याला झोळ धरतं, आणि बांधणाऱ्याचा हात चांगला असला तरी धरतं. दोऱ्या मधूनमधून पुन्हा ओढून घेणं हे दुरुस्तीचंच काम आहे.

ठिबकण्याची जागा आणि शिरण्याची जागा एक नसते, हे कुणाला वेगळं सांगायला नको. मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या इमारतींत छतावरचा ओला डाग एका खोलीत उमटतो आणि गच्चीवरची भेग दुसऱ्याच खोलीवर असते. ताडपत्रीतही पाणी शिवणीतून शिरतं, आतल्या अंगाने उतारावर सरकतं आणि पहिली सुरकुती किंवा पहिला बांबू भेटेल तिथे सुटतं. म्हणून शोध उलटा घ्यावा लागतो. कोरड्या दिवशी एकाने आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाणी ओतावं. पण सुरुवात खालच्या कडेपासून करावी आणि हळूहळू आढ्याकडे चढावं. वरून ओतलं तर पाणी सगळीकडे एकदम पोचतं आणि काहीच कळत नाही. खालून चढलं तर ज्या पट्ट्यावर ओतताना आत ओल दिसली, दोषी तोच पट्टा. आतल्याने खडूने खूण करावी. भर उन्हात नुसतं आत बसून वर पाहिलं तरी बारीक छिद्रं उजेडाच्या टाचण्यांसारखी दिसतात. आणि एक खोटी गळती आधीच वगळावी. पावसाविना गेलेल्या रात्रीनंतरही सकाळी आतला पृष्ठभाग सगळीकडे सारखा घामेजला असेल, तर ती आतली वाफ आहे. प्लॅस्टिकखाली ती हमखास धरते. तिच्यावर उपाय म्हणजे नाळेकडे आणि मागच्या टोकाला वाऱ्याला वाट ठेवणं.

यावर म्हटलं जाईल, एवढा खटाटोप कशाला; प्लॅस्टिक स्वस्त आहे, गळलं की वरून दुसरं टाकावं. जूनच्या तोंडावर हातात पैसा कमी असतो, आणि कसंही असलं तरी आच्छादन असायलाच हवं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण झोळ तसाच ठेवून वर टाकलेलं नवं प्लॅस्टिक त्याच झोळात बसतं. घाटकोपरला असल्फाच्या डोंगरउतारावरच्या पत्र्यांवर हे दर पावसाळ्यात दिसतं: एका निळ्या थरावर दुसरा, त्यावर विटा आणि जुने टायर, आणि दोन थरांमध्ये कोंडलेलं पाणी, ज्याला बाहेर पडायला वाट नाही. लाकडी बोटीत अशी कोंडलेली ओल जास्त घातक. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, पावसाचं गोडं पाणी त्याला कुजवतं, कारण कुजवणारी बुरशी गोड्या ओलीत आणि कोंदट हवेत वाढते. दुसरा आक्षेप असा की सरसकट डांबर किंवा एखादं चिकट रसायन फासलं की प्रश्न मिटला. तो एका हंगामापुरता मिटतो. मग घडीच्या रेषेवर थर तडकतो, कापड दगडासारखं ताठ होतं आणि त्यात दाभण शिरत नाही, म्हणजे पुढच्या दुरुस्तीचा रस्ताच बंद.

तेव्हा क्रम असा असावा. आधी मधोमध आढं उंच करावं, आडवी टाकलेली डोलकाठी त्याला पुरते, आणि बांबूच्या कमानी जवळजवळ घेऊन कुठेही ओंजळभर पाणी थांबणार नाही असा उतार द्यावा. वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू अधिक खाली ओढून बांधावी. मग शिवणी पाहाव्या: वरच्या पट्ट्याची कड खालच्यावर चढलेली हवी, कौलांसारखी, उलटी शिवण म्हणजे पाण्यासाठी उघडा खिसा. मेण ओढलेल्या सुती दोऱ्याने टाके घालावेत, कारण सुती दोराही भिजून फुगतो आणि सुईचं छिद्र भरतो. त्यावर मेणबत्ती घासून उन्हात मुरू द्यावी. ठिगळाची पाळी या सगळ्यानंतर. ते त्याच जातीच्या कापडाचं, मूळ कापडाच्या उभ्या धाग्याला उभा धागा जुळवून, आणि कोपरे गोल कापलेलं असावं; टोकदार कोपरा आधी उचलला जातो. ताडपत्री धुण्याच्या पावडरीने मात्र कधी धुऊ नये, तिचा अंश विणीत राहून पाण्याला आत बोलावतो. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. बंदी उठून, नारळी पौर्णिमेच्या सुमारास आच्छादन उतरलं की ते पूर्ण वाळेपर्यंत घडी घालू नये, आणि जिथे जिथे टाके पडले तिथे आतल्या बाजूला पक्क्या रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात तपासणी कुठून सुरू करायची ते उलगडताक्षणी कळेल.