दुसऱ्या इंजिनाचा हिशोब

हायब्रिड गाडी घेणाऱ्यांना मी मनातून मूर्ख समजत होतो. एक पेट्रोल इंजिन, एक विजेची मोटर, मध्ये बॅटरी. एवढ्यासाठी लाखांनी जास्त मोजायचे? हे पैसे निव्वळ नावाचे, असं माझं ठाम मत. आमच्या बिबवेवाडीत एखाद्या सोसायटीत अशी गाडी उभी दिसली की मी मनातल्या मनात मालकाची कीव करायचो. त्या मतात अभ्यास कमी आणि मत्सर जास्त होता. मला ती गाडी परवडत नव्हती, एवढंच खरं.

मग वाटलं, आपणच बनवू. माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे. तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढची चाकं ओढतं, मागची नुसती फरफटत येतात. त्या मागच्या चाकांना ई-रिक्षाची मोटर जोडायची, डिकीत बॅटऱ्या ठेवायच्या. सिग्नलच्या गर्दीत वीज, मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल. सामान जुन्या बाजारातून, जोडणी ओळखीच्या गॅरेजात. बजेट ६० हजार.

कुणी शंका काढली की माझ्याकडे दोन दाखले तयार असत. सिट्रोएनने १९५८ मध्ये ‘टू सीव्ही सहारा’ लोकांपुढे आणली, तिला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं होती. आणि २०१० मध्ये आपल्या पुण्याच्याच केपीआयटीने भारत फोर्जच्या जोडीने ‘रिव्होलो’ हा संच जाहीर केला. चालू गाडीच्या इंजिनाला साथ देणारी मोटर आणि डिकीत बॅटऱ्या, म्हणजे माझीच कल्पना! गाडीत बदल करण्यासाठी लागणाऱ्या आरटीओच्या परवानगीचा विषय निघाला की मी म्हणायचो, हे सगळे नियम कंपन्यांच्या सोयीचे.

गॅरेजात मिस्त्रींनी माझा आराखडा बॉनेटवर पसरला, बराच वेळ पाहिला आणि ग्रीसने माखलेलं बोट मागच्या चाकावर ठेवलं.

“काका, ब्रेक दाबल्यावर ही मोटर बंद कोण करणार?”

“मी. स्टिअरिंगजवळ हाताची मूठ देतोय ना, ती सोडायची.”

“आई माता मंदिराकडून गंगाधामला उतरताना, पावसात, समोर कुणी आडवं आलं, तर मूठ आधी सुटेल की पाय आधी पडेल?”

मी गप्प. पुढची चाकं थांबायला बघतायत आणि मागची ढकलतायत, हे चित्र माझ्या डोक्यात तोवर एकदाही आलं नव्हतं. माझ्या यादीत मोटर होती, कंट्रोलर होता, वायर होती, मागच्या काचेवर लावायचं ‘हायब्रिड’ हे स्टिकरही होतं. ब्रेक नव्हता. ज्या माणसाला मी फक्त पाने फिरवायला बोलावलं होतं, त्याने गाडीचा विचार केला होता. मी माझ्या हुशारीचा.

“वजन किती वाढतंय?” हा त्यांचा दुसरा प्रश्न. तेही मी मांडलेलं नव्हतं. घरी येऊन मांडलं. ४८ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या, प्रत्येकी ३० किलोच्या आसपास. म्हणजे साडेसहाशे किलोच्या गाडीत १२० किलो, तेही सगळं मागे. डिकीत कायमची दोन धट्टीकट्टी माणसं बसवल्यासारखं. थांबवायला ब्रेक मात्र तेच. बदल्यात मिळणार काय? मोटर सव्वा किलोवॅटची, जेमतेम १.७ हॉर्सपॉवर. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर निघाले असते. बिबवेवाडीतल्या अप्परच्या चढावर मात्र पायी चालणारा माझ्या बरोबरीने आला असता.

मग दाखले नीट तपासले. सहाराची दोन्ही इंजिनं एकाच क्लच पेडलवर आणि एकाच गिअर लिव्हरवर चालत. दोन्हींनी एका वेळी एकच काम करावं, ही खरी कारागिरी तिथे होती. शिवाय ती गाडी वाळूतून जाण्यासाठी होती, पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे. मी तिला काटकसरीची साक्षीदार केलं होतं! रिव्होलो बाजारात सर्रास मिळेल याची वाट पाहिली, तो मिळाला नाही. जुन्या गाड्यांना हायब्रिड संच बसवण्याचे नियम केंद्राने काढले तेव्हा २०१६ उजाडलं होतं. त्यात संच चाचणी संस्थेने मंजूर केलेला हवा आणि बसवणारा अधिकृत हवा, अशा अटी आहेत. चाचणी करणारी एआरएआय इथेच, वेताळ टेकडीवर. या अटींना मी अडवणूक म्हणत आलो. पण मिस्त्रींनी विचारलेलेच प्रश्न तिथे विचारले जातात: वजन किती, ब्रेक पुरतात का, मोटर कधी सुटते. तोच प्रश्न गॅरेजात शहाणपणाचा आणि सरकारी कागदावर जाचक, असं कसं म्हणणार?

शोरूममधली हायब्रिड महाग का, हेही तेव्हा उमगलं. मोटर त्यातला दिसणारा भाग. इंजिन कधी झोपवायचं, मोटर कधी जागी करायची, ब्रेक दाबताच चाकांतली ताकद बॅटरीत कशी वळवायची, हे क्षणाक्षणाला ठरवणाऱ्या यंत्रणेचे पैसे असतात. ते आजही मला परवडत नाहीत, पण देणाऱ्याला मी आता मूर्ख म्हणत नाही.

माझी ८०० एकाच इंजिनावर चालते. ६० हजारांतल्या थोड्या पैशांत नवे ब्रेक शू, टायर आणि कार्ब्युरेटरची सफाई झाली. तुमच्याही डोक्यात दुसरं इंजिन घोळत असेल तर जरूर आखा. फक्त यादीत पहिली ओळ ब्रेकची लिहा, आणि मोटर विकत घेण्याआधी ती मिस्त्रीला दाखवा.