करवती काठाची साडी

भाचीचे लग्न गोंदियाला. शालू बनारसचाच हवा, हा तिचा हट्ट! वहिनी मात्र आम्हा दोघींना घेऊन गेल्या थेट आंधळगावच्या विणकराकडे. हे गाव भंडारा जिल्ह्यातले. १९९९ पर्यंत गोंदियाही त्याच जिल्ह्यात होते.

ऐनाच्या पानांवर पोसलेल्या किड्यांचे हे टसर, रंग मधासारखा. काठाला करवतीचे दाते. ते साधायला तीन धोटे फिरवावे लागतात.

"ताई, काम सावकाशीचे. पोरे आता मागावर बसत नाहीत," म्हातारा विणकर म्हणाला.

भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "काठ लाल घाला, बाबा."

मांडवात हळदीच्या अंगावर ते टसर असे खुलले, की बनारसची कुणाला आठवणही झाली नाही!